अणूताई आणि पोकळ भिंत

विज्ञान केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की उजव्या हाताला, एक गोल अंधारं दालन होतं. आत लाकडी बाकांच्या रांगा, छताला टांगलेला एक भलामोठा अणू, आणि त्या अणूखाली उभं राहून दिवसभर तेच ते न कंटाळता सांगणारी एक बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. पोरं तिला अणूताई म्हणायची. पोरांचं ऐकून तिकीटवाला म्हणायला लागला, तिकीटवाल्याचं ऐकून केंद्राच्या प्रमुख बाई, आणि एक दिवस नवरा दारातूनच ओरडला, "अणूताई आहेत का घरात?" तेव्हा तिने ओळखलं, आता हे नाव काही आपली पाठ सोडत नाही.

ती विज्ञान शिकलेली नव्हती. केंद्रात लागली ती सामानाच्या खिडकीवर. लोकांच्या पिशव्या घ्यायच्या, बिल्ले द्यायचे. ही खिडकी नेमकी त्या दालनाच्या दाराला लागून. दाराआडून रोज तोच कार्यक्रम कानावर पडून पडून तिला तोंडपाठ झाला होता. एकदा दालनातल्या बाई आल्याच नाहीत, आणि बाहेर एका शाळेची पोरं रांगेत ढकलाढकली करत होती. ही उठली, आत गेली, दिवे मालवले आणि अख्खा कार्यक्रम म्हणून दाखवला, कुठे थांबायचं, कुठे हसायचं यासकट. प्रमुख बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दिवसापासून खिडकी सुटली. मग मात्र आपण काय बोलतोय ते कळावं म्हणून तिने पुस्तकं वाचली, प्रमुख बाईंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि पाठ केलेल्या वाक्यांत हळूहळू अर्थ भरत गेला.

छताला टांगलेला अणू कार्बनचा होता. मधोमध सहा लाल गोळे आणि सहा करडे. लाल म्हणजे प्रोटॉन, करडे म्हणजे न्यूट्रॉन. भोवती निळसर धूसर दिव्यांचा एक ढग, तो इलेक्ट्रॉनांचा. ती सांगायची, "तुम्ही, मी, हे बाक, बाहेरचा रस्ता, तुमच्या नाकावरची माशी, सगळं या तीनच वस्तूंचं बनलंय. चौथी वस्तू लागतच नाही. लाल गोळे एकमेकांना दूर ढकलतात, कारण दोघांवरही एकच विद्युतभार. तरी ते सुटून जात नाहीत. का? कारण अगदी अंगाला अंग लागलं, की त्यांच्यात दुसरं एक फार जबरदस्त बळ जागं होतं. ते बळ न्यूट्रॉनांतही असतं, आणि न्यूट्रॉन कुणालाच ढकलत नाहीत. त्यामुळे ते मध्ये असले की घर टिकतं." मग ती बोटाच्या टोकावर मोहरीचा एक दाणा धरून त्यावर विजेरीचा झोत टाकायची. "आमचा हा अणू खोटा आहे बरं का. खरं माप घ्यायचं तर मधला गड्डा या दाण्याएवढा. मग ढगाची कड कुठे येईल?" पोरं म्हणायची, भिंतीपाशी. कुणी म्हणायचं, जिन्यापाशी. "फाटकाबाहेर," ती म्हणायची. "बसथांब्याच्याही पलीकडे."

आणि मग तिचं ठेवणीतलं वाक्य. ती दालनाच्या भिंतीवर हात ठेवायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "म्हणजे ही भिंतसुद्धा जवळजवळ सगळी पोकळच आहे."

हे वाक्य ऐकून मोठी माणसंही एकदा भिंतीकडे बघायची.

नवरा गवंडी होता. गिलावा करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जोडीदार त्याला 'ओळंबा' म्हणत, कारण भिंत सरळ आहे की नाही हे तो ओळंब्याची दोरी सोडायच्या आधीच नुसत्या नजरेने सांगायचा. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी आधी याचा तळवा भिंतीवरून फिरायचा. लोक माणसं बघतात, हा भिंती बघायचा. बायकोच्या कामाची त्याला भारी गंमत वाटे. "ही दिवसभर सांगते भिंत पोकळ आहे," तो आल्यागेल्याला सांगायचा, "आणि मी दिवसभर ती भरीव करतो. एका घरात दोन धंदे, एकमेकांच्या मुळावर!"

घरात तो, ती, मुलगी आणि सासूबाई. मुलगी कॉलेजात होती. सासूबाईंचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. घर लहान, बैठं, मागची खोली नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी स्वतः बांधलेली.

तर अशा या घरावर ते येऊन कोसळलं, ते एका साध्या दुपारी.

गावाच्या जुन्या भागात एका इमारतीची दुरुस्ती चालू होती. तिथे एक उंच जुनी भिंत होती. नवरा आणि त्याचा जोडीदार तिला दोन्ही अंगांनी गिलावा करत होते, एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला. भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत आदल्या आठवड्यात कुणीतरी पाया खणून ठेवला होता, त्याने भिंतीचा पाय कधीचाच सैल झाला होता. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. जेवणं झाल्यावर दोघं कामाला लागले आणि भिंत एका अंगाला झुकून सपाट झाली. नवरा त्या अंगाला होता.

अणूताईचा कार्यक्रम नुकताच संपला होता. पोरं बाहेर पडत होती. प्रमुख बाई दारात आल्या आणि त्यांनी तिला नेहमीसारखं 'अणूताई' न म्हणता खऱ्या नावाने हाक मारली. तेवढ्याने तिला कळलं, काहीतरी झालंय. त्या सांगत होत्या, ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हो. थांबा, दिवे बंद करून येते." आत जाऊन तिने ढगाचे दिवे मालवले, विजेरी जागेवर ठेवली, मोहरीचा दाणा डबीत टाकून झाकण लावलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "चला."

दवाखान्याच्या बोळात एक हिरवं बाकडं होतं. एका पांढऱ्या कोटातल्या माणसाने तिला आत नेलं, चादर थोडी बाजूला केली. चेहऱ्याला फारसं काही झालं नव्हतं. नखांत सिमेंट होतं, रोजच्यासारखंच. ती बघत राहिली. वाटलं होतं आता काहीतरी होईल, हातपाय गळतील, किंचाळावंसं वाटेल. काही झालं नाही. डोक्यात कार्यक्रम चालू झाला. या माणसातले प्रोटॉन सगळे इथेच आहेत, तिच्या मनात आलं. सकाळी डबा घेऊन गेला तेव्हा जेवढे होते तेवढेच. एकही कमी झालेला नाही. न्यूट्रॉनही तेवढेच. कुणी मोजायला बसलं तर हिशेब चोख जुळेल.

"ओळख पटली ना?" पांढऱ्या कोटाने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "सगळं आहे."

तो माणूस जरा चमकला आणि त्याने चादर पुन्हा वर ओढली.

दातांच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला राहत नाही. बोट लावलं तर बोटाला कळतं, गालाला कळत नाही. तिचं सगळं अंग तसं झालं. घर माणसांनी भरलं. सासूबाई दोघींच्या वाटचं रडत होत्या. ही चहा करत होती, कुणाला बिनसाखरेचा, कुणाला कोरा, एकाचंही चुकलं नाही. नणंद गावाहून धावत आली होती. तिने स्वयंपाकघरात येऊन हिच्या हातातलं गाळणं काढून घेतलं.

"अगं वहिनी, रड ना एकदा. मोकळी हो."

"रडेन," ती म्हणाली. "येत नाहीये अजून. तू बस, तुझा चहा निवतोय."

बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं धक्का बसलाय, कुणी म्हणालं पहिल्यापासूनच थंड आहे ही. तिच्या कानावर दोन्ही पडलं. दोन्ही खरं असेल असं तिला वाटलं.

माणसं पांगली. घरात तिघी उरल्या. मुलीचं बिनसलं ते इथेच. एका संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. त्यात त्याचे सदरे आले. तिने त्यांच्याही घड्या घातल्या, नेहमीसारख्या, कॉलर वर, आणि कपाटात त्याच्या कप्प्यात ठेवल्या. मुलगी दारातून बघत होती.

"आई, तू दगड झालीयेस का?"

तिने कपाटाचं दार लावलं.

"रोज इतक्या लोकांना सांगतेस ना सगळं कशाचं बनलंय ते? मग सांग ना. बाबा कुठे गेले? सगळं तसंच्या तसं होतं ना, मग गेलं काय?"

पोरीने नेमकं तेच विचारलं होतं. दवाखान्याच्या त्या खोलीत हिच्या मनात जे येऊन अडलं होतं तेच. तिने शोधून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, उत्तर कुठे असेल तर.

"ते आमच्या कार्यक्रमात नाही, बाळा," ती म्हणाली.

मुलगी दार आपटून निघून गेली. पुढे कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतंच बोलत होती. जेवायला वाढलंय. येते. उशीर होईल. एवढंच.

अणूताई कामावर परत गेली. घरात बसून तरी काय करायचं होतं. प्रमुख बाईंनी तिला खोलीत बोलावून बसवलं. "काही दिवस पुन्हा खिडकीवर बसता का? आणि दालनातच जायचं असेल तर ते भिंतीचं वाक्य गाळा. कुणाला काही कळणार नाही."

"बघते," ती म्हणाली.

पहिल्याच कार्यक्रमाला बाहेर तिकीटवाला, सफाईवाली, दोन शिपाई दाराआड येऊन उभे राहिले, जीव मुठीत धरून. प्रोटॉन झाले, न्यूट्रॉन झाले, दाणा झाला. ती भिंतीपाशी गेली, हात ठेवला. "म्हणजे ही भिंतसुद्धा जवळजवळ सगळी पोकळच आहे." आवाज जिथे खाली यायचा तिथे आला. पोरांनी भिंतीकडे पाहिलं. सफाईवालीने डोळ्याला ओढणी लावली. हिला काही झालं नाही. हात भिंतीवर होता आणि भिंत गार होती, एवढंच. वाक्य टोचेल असं तिला वाटलं होतं. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

असेच दिवस जात राहिले. ती जेवायची, चव लागायची नाही. झोपायची, उठायची. रस्ता ओलांडताना एकदा रिक्षावाला अंगावर ओरडला, "मरायचंय का ताई?" तिने त्यावर खरंच विचार केला, आणि मग "नाही" म्हणून फुटपाथवर चढली.

अशात एक दिवस दालनात मागच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. शाळेच्या पोरांत तो ताडासारखा उठून दिसत होता. हा नवऱ्याचा जोडीदार. चांगला सहा फुटांच्या वर, आणि म्हणूनच सगळे त्याला 'बारका' म्हणत. भिंत पडली तेव्हा दुसऱ्या अंगाला होता तो हाच. त्या दिवसानंतर तो घरी एकदाच आला होता, तोही फाटकातूनच परत गेला. आज चक्क तिकीट काढून आला होता. कार्यक्रमभर मान खाली घालून बसला. भिंतीचं वाक्य आलं तेव्हा त्याने मान वर केली.

पोरं गेली. हा उठेना. ती त्याच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसली.

"चहा घेणार, भाऊजी?"

"नको वहिनी." त्याचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर होते, एवढे मोठे की गुडघे दिसत नव्हते. "एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुम्ही म्हणता भिंत पोकळ असते. लहान पोरांना सांगता म्हणजे खरंच असणार. मग पोकळ होती तर माणूस मेला कसा?"

तिला वाटलं, हा टोमणा आहे. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. दिवसेंदिवस तो हेच घोळवत असणार. मग तिनेही नीट सांगितलं, कुणालाही सांगितलं असतं तसं.

"पोकळ म्हणजे हलकी नव्हे. वजन सगळं त्या मधल्या दाण्यात असतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, जे जड आहे ते हेच. भोवतीच्या ढगाला वजन जवळजवळ नाहीच. आता एका विटेत असे दाणे किती असतील याची कल्पनाही करता येत नाही. सगळ्यांचं मिळून वीट जड होते. विटांची भिंत होते."

"बरं."

"आणि ढग बिनवजनाचा असला तरी दुसऱ्या ढगाला आत येऊ देत नाही. माझा हात भिंतीतून जात नाही तो त्यामुळे. भिंत माणसातून जात नाही तीही त्यामुळे. पोकळ पोकळातून निघून गेलं असतं, तर..." ती थांबली. "तसं होत नाही. माणूस खाली सापडतो."

बारका ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"वहिनी, ती बाजू माझी होती," तो म्हणाला. "त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. ऊन सोसवत नव्हतं. मी म्हटलं, ओळंबा, आज सावलीची बाजू मला दे. तो म्हणाला, घे की, माझ्या बापाची आहे का सावली. हसला आणि गेला उन्हात."

अगदी त्याचंच बोलणं. तो हे कसं म्हणाला असेल, मान कुठे कलली असेल, सगळं तिला दिसलं. दिसलं, पण काचेपलीकडचं दिसावं तसं.

"माझी चूक आहे का वहिनी? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

'नाही' म्हणणं सोपं होतं. ते तिच्या ओठांवरही आलं. पण मनात नसताना नुसतं तोंडाने बोललेलं या माणसाला पुरलं नसतं, आणि तिचं मन या क्षणी रिकामं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरं सांगते, भाऊजी, मला सध्या कशाचंच काही वाटत नाही. तुमचा राग येत नाही, दयाही येत नाही. राग आला तर सांगेन. खोटं बोलणार नाही."

तो उठला. "सांगा," तो म्हणाला. "मी येत जाईन. जेव्हा येईल तेव्हा सांगा. मी ऐकून घेईन."

खाली वाकून, दाराच्या चौकटीला डोकं न लावता तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमात थोडा फरक पडला. ती भिंतीला हात लावायची, पोकळ आहे म्हणायची, पण तिथे थांबायची नाही. पुढे वजनाचं सांगायची, आणि ढग ढगाला आत का घेत नाही ते. पोरं पूर्वीइतकी चकित व्हायची नाहीत. प्रश्न मात्र जास्त विचारायची. प्रमुख बाई एकदा म्हणाल्या, "शेवट बदललात वाटतं." ती म्हणाली, "हो." बदल तसाच राहिला.

बारका शब्दाला जागला. अधूनमधून सुट्टीच्या दिवशी यायचा. कधी फळं आणायचा, कधी गळका नळ बघायचा, कधी सासूबाईंच्या खाटेचा पाय नीट करून द्यायचा. यायचा, काम करायचा, जाताना दारात क्षणभर थांबून हिच्या तोंडाकडे बघायचा. ती मान हलवायची, नाही, अजून नाही. मग तो चपला घालायचा. सासूबाईंना या मूक व्यवहाराची काही कल्पना नव्हती. त्या म्हणायच्या, "हा बारका काही मागायला येतो की काय? देऊन टाक ना एकदाचं, बिचारा दारात घुटमळतो."

उन्हाळ्याच्या तोंडाशी मागच्या खोलीचं छप्पर एका कोपऱ्यात उचललं गेलं होतं, ते बसवायला तो आला. शिडी लावली, काम केलं, खाली उतरला. हात झटकत सहज त्याने तळवा भिंतीवर ठेवला आणि वरून खाली फिरवला. गवंड्याची सवय. एक डोळा बारीक करून म्हणाला, "वहिनी, ही भिंत ओळंब्यात नाही हां. वर पोट आलंय."

हिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, त्याच्याचसाठी आणलेला. तो तिने जमिनीवर आपटला.

"त्याच्या भिंतीला नावं ठेवायची नाहीत!"

आवाज एवढा मोठा निघाला की तिचा तिलाच ओळखता आला नाही. बारका शिडीला पाठ लावून सरळ उभा राहिला.

"कुणी सांगितलं तुम्हाला हात लावायला? तुम्हाला सावली हवी होती! डोकं दुखत होतं तर घरी झोपायचं होतं! एक दिवस ऊन लागलं असतं तर वितळून जाणार होतात का, एवढे ताडमाड! आणि तो, तो मूर्ख, हसत गेला! त्याला नजरेने कळायचं ना सगळं? मग ती पडकी भिंत दिसली नाही? तेव्हा कुठे गेली होती नजर?" ती त्याच्या छातीवर मुठी मारत होती. तो हलत नव्हता, हात वर करत नव्हता. "दिवसभर तिच्यावर हात फिरवत होतात दोघं आणि कळलं नाही? कसले गवंडी तुम्ही?"

"बरोबर आहे वहिनी," तो म्हणत होता. "बोला. बरोबर आहे."

आरडाओरडा ऐकून मुलगी धावत आली ती दारातच थबकली. सासूबाई भिंत धरत धरत मागून आल्या. अणूताईच्या मुठी दुखायला लागल्या होत्या, तेव्हा ती थांबली. धापा टाकत होती. घशातून निघत होता तो आवाज रडण्याचा आहे हे तिला जरा उशिराच कळलं.

तांब्यातलं पाणी सगळ्यांच्या पायांखाली पसरलं होतं. मग सासूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "पण तिरकीच आहे ही. माझ्याशी भांडून बांधली होती त्याने. तीन दिवस रागात विटा रचत होता, दोरी म्हणून सोडली नाही. मी सांगत होते, तर म्हणे, तू गप बस."

मुलगी हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि ती येऊन आईच्या खांद्याला चिकटली, लहानपणी चिकटायची तशी, सगळा भार टाकून.

बारक्याने तांब्या उचलून ओट्यावर ठेवला. तांब्याला पोचा आला होता. जाताना तो दारात थांबला नाही. पुढेही तो येत राहिला, पण त्याचं येणं नेहमीच्या माणसासारखं झालं. बसायचा, चहा प्यायचा, साखर जास्त झाली की सांगायचा.

एवढ्याने सगळं ठीक झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली तर पुन्हा बरंचसं बधिरच होतं. त्याचे सदरे तिने तसेच ठेवले. चव कधी लागायची, कधी नाही. मुलगी बोलू लागली होती, तरी मधूनच तिचा तो प्रश्न दोघींच्या मध्ये येऊन बसायचा, आणि दोघी त्याला वळसा घालून जायच्या. आई म्हणून आपण पोरीला तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं, हे अणूताईला कळत होतं. कळून काय, ते दिवस निघून गेले होते.

मग एकदा, लागोपाठ तीन शाळा आल्या होत्या त्या दिवशी, प्रोटॉनांबद्दल बोलता बोलता ती मध्येच थांबली. पाय दुखत होते. टाचेपासून पोटरीपर्यंत कळा जात होत्या. ती खाली बघत राहिली. किती महिने ती अशी दिवस दिवस उभी राहत होती, तेव्हा हे पाय कुठे होते? पोरं कुजबुजायला लागली. "ताई, पुढे?" पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. तिने एक बाक ओढलं, बसली, आणि बसूनच पुढचं सांगितलं. इतक्या वर्षांत हे प्रथमच.

संध्याकाळी ती मुलीला घेऊन चपलांच्या दुकानात गेली. मुलगी म्हणत होती निळ्या घे, ही म्हणत होती धूळ दिसते, काळ्या बऱ्या. दुकानदार म्हातारा होता, स्टुलावर बसून त्याने तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा दाबत विचारलं, "नेमकं कुठे दुखतं?"

"इथे," ती म्हणाली. "आणि इथे. जरा जोरात दाबा. हो, तिथेच."